गोधडीचे पाच हजार शंभर

आमच्या यांना हिशेब चुकलेला चालत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर निमूट जेवतील, पण भाजीवाल्याने दोन रुपये कमी परत दिले तर भर उन्हात पुन्हा बाजार गाठतील. सगळा जन्म बँकेत गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर तरी सुधारेल असं मला वाटलं होतं, तर आमच्या अमरावतीच्या चर्चने त्यांना खजिनदार केलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

यांचं नाव शेषराव, माझं जमुना. चर्चमध्ये ही असली नावं कशी, असं नवे लोक विचारतात. आमच्या आज्यांनी देव बदलला, नावं बदलायची राहून गेली, एवढंच.

खजिनदार झाल्यावर यांनी पहिलं काम केलं ते ऑनलाइन दानाचं. त्याआधी टाळेबंदीच्या काळात चर्चने घरोघरी एक छापील कार्ड वाटलं होतं. त्यावरचा चौकोन मोबाइलने टिपला की पैसे थेट चर्चच्या बँक खात्यात जात. यांना ते पसंत नव्हतं. "त्या पैशाले धड नाव नसते," म्हणत. मग नवी वेबसाइट आली. तिथे नाव लिहायचं, रक्कम लिहायची, कशासाठी ते लिहायचं, की लगेच पावती. चर्चच्या दारावर चिकटवलेला तसाच जुना चौकोन यांनी स्वतः स्टुलावर चढून खरडून काढला.

नावाचं महत्त्व आमच्याकडे मोठं. उपासना संपली की खजिनदार पुढे येऊन वाचतो. कुणी नातवाच्या वाढदिवसाची उपकारस्तुती म्हणून शंभर दिले, कुणी बोअरला पाणी लागलं म्हणून पाचशे. वाचून झालं की चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत हे विचारतात, "कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं." मग मुंडकी मोजल्यासारखे थोडा वेळ थांबतात. हरकत कधी कुणाची नसते. लोकांना घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो.

नोव्हेंबरात हंगामाचा सण असतो. पिकाचं पहिलं फळ देवाला द्यायचं म्हणून कुणी कोहळा आणतं, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी कोंबडी, मोर्शीकडचे लोक संत्र्यांच्या टोपल्या. उपासनेनंतर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. तो लिलाव म्हणजे निव्वळ थट्टामस्करी. एका वर्षी एक लिंबू सातशे रुपयांना गेलं, कारण दोन साडू इरेला पेटले होते.

गेल्या सणाला चतुराबाईंनी गोधडी आणली होती. चतुराबाई म्हणजे वलगावच्या डोमाजींची बायको. डोमाजी आणि आमचे हे लहानपणापासूनचे दोस्त, संडे स्कूलच्या एका बाकावरचे. चतुराबाई आमच्या गाणाऱ्या बायकांची पुढारीण. तिने सूर धरला की पेटी वाजवणाऱ्याला निमूट तिच्या मागे यावं लागे. त्या पावसाळ्यात ती बरीच वाळली होती. विचारलं की म्हणायची, "वय झालं, वयनी. लोखंडबी झिजते." पण गोधडी काय शिवली होती! लुगड्याच्या निळ्या काठांची, टाका मुंगीएवढा.

लिलावात पाचशेपासून बोली सुरू झाली. डोमाजीने पहिली बोली दिली तेव्हा सगळे हसले. आपल्याच बायकोची गोधडी विकत घेणारा नवरा कुणी पाहिला होता? आमच्या यांना तर आयतंच कोलीत मिळालं.

"काहून रे डोमाजी? घरी फुकट पांघरायले भेटत नाई का?" असं म्हणून यांनी सहाशे म्हटलं. डोमाजीने हजार म्हटलं. यांनी पंधराशे. गोधडी यांना नको होती, दोस्ताला चिडवायचं होतं. बोली चढत गेली, पोरं टाळ्या वाजवू लागली. शेवटी डोमाजी एकदम म्हणाला, "पाच हजार शंभर." आणि यांच्याकडे असं पाहिलं की यांनी बोली तिथेच सोडली. तेव्हा ते पाहणं कुणालाच कळलं नाही. डॉक्टरने चतुराबाईबद्दल जे सांगितलं होतं ते एकट्या डोमाजीला माहीत होतं. तिने देवाला बोललेली गोधडी त्याला देवाकडून परत हवी होती.

खिशात तेवढे पैसे नव्हते आणि डोमाजी साधा फोन वापरतो. "ठेवून दे तुह्यापाशी. पैसे भरले का नेतो," म्हणाला. यांनी गोधडी ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि टाचणीने चिठ्ठी लावली: डोमाजी, ५१००, बाकी.

नाताळच्या आधीच्या रविवारी यांनी लिलावाच्या बाकीदारांची यादी वाचायचं ठरवलं. पाळकसाहेब म्हणाले, "वाचू नका, घरोघरी जाऊन सांगा." मीही तेच म्हटलं. पण नाही. हिशेब म्हणजे हिशेब! वेबसाइटवरची नावं आणि लिलावाची नावं यांनी ताडून पाहिली आणि उरली ती नावं वाचली. तिसरं नाव डोमाजीचं. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं."

डोमाजी उठला. "माही आहे. मी भरले. पोरीनं अकोल्याहून भरले."

"मंग नाव आलं असतं, डोमाजी. इथं नाही."

"भरले म्हणतो ना मी."

"तुह्या म्हणण्यावर हिशेब चालते का? यंत्र खोटं बोलत नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. चतुराबाई त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी आली होती, माझ्याच बाकावर, शाल घट्ट लपेटून. तिने डोकं खाली घातलं. डोमाजी बायकांच्या बाजूला आला, तिला हाताला धरून उठवलं आणि दोघं बाहेर गेली. आमच्या चर्चमध्ये ती दोघं पुन्हा आली नाहीत.

त्या रात्री मी यांच्याशी भांडले. जाऊन या म्हटलं, वलगाव काय लंडनला आहे? हे म्हणाले, "पैसे भरल तेव्हा येईल तो आपल्या पायानं." स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. फेब्रुवारीत अकोल्याहून निरोप आला की चतुराबाई गेली, लेकीच्या घरी, आणि तिथल्याच कब्रस्तानात मातीही झाली. निरोप आला तो तिसऱ्या दिवशी. चाळीस वर्षं आमच्या प्रत्येक मयतीत गायलेली बाई, आणि तिच्या मातीला आमचा एक आवाज नव्हता. मी स्वयंपाकघरात बसून रडले. हे बाहेर उभे राहिले, आत आले नाहीत.

मे महिन्यात हिशेबतपासनीसाने अंगावर काम टाकलं. वेबसाइटची वर्षभराची यादी आणि बँकेचं स्टेटमेंट, दोन्हींचा ताळमेळ लावून द्या, त्याशिवाय सही नाही. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. कूलरच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून यांनी त्यावर माझे लोणच्याचे आंबे ठेवले. मी कैऱ्या मागितल्या तर म्हणे, "थांब, मार्च आहे त्याच्याखाली."

काम किचकट होतं. वेबसाइट दहा जणांचं दान गोळा करून, आपलं कमिशन कापून, दोन दिवसांनी एकच रक्कम बँकेत टाकते. म्हणजे इकडे दहा नावं आणि तिकडे एक आकडा. हे एकेक जुळवत, हिरव्या पेनाने बरोबरची खूण करत चालले होते. चार दिवस घरात "जुळलं, जुळलं" एवढाच आवाज होता.

पाचव्या दुपारी तो आवाज थांबला. मी आतून येऊन पाहिलं. स्टेटमेंटची एकच ओळ खूण न करता राहिली होती. बँकेत पैसे आलेले, वेबसाइटवर मात्र नाव नाही. पाच हजार शंभर. पाठवणारा कुलदीप. तारीख डिसेंबरची, ती यादी वाचायच्या आधीच्या आठवड्यातली. पुढे इंग्रजी अक्षरांत निरोप होता, बँकेने अर्ध्यात तोडलेला: आईची गोध.

कुलदीप म्हणजे डोमाजीचा जावई. टाळेबंदीतलं ते कार्ड, पुढे कळलं, चतुराबाईने गीतपुस्तकात जपून ठेवलं होतं. लेकीने, दीपमालाने, तेच टिपून नवऱ्याच्या फोनवरून पैसे भरले होते. थेट बँकेत. आणि या हुशार माणसाने, ज्याने जन्मभर लोकांची पासबुकं तपासली, नाव वाचण्याआधी बँकेचं स्टेटमेंट उघडून पाहिलं नव्हतं.

"जमुना," हे म्हणाले, "पैसे आले होते."

मला काय झालं कोण जाणे. दया यायला हवी होती, पण आला तो संताप. "यंत्र खोटं बोलत नाही ना?" मी म्हटलं. "मग आता विचारा त्या यंत्राले, चतुराबाई कुठं भेटते!"

यांनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस मी तसा कधी पाहिला नव्हता. मग मीच कैऱ्या बाजूला केल्या आणि यांच्याजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही स्कूटरवर वलगावला निघालो. वाटेत चर्चमधून गोधडी घेतली. ती चिठ्ठी अजून तशीच होती. टाचणी मी काढली, यांना काढू दिली नाही.

डोमाजी अंगणात निंबाखाली बाजेची दोरी ताणत बसला होता. आम्हाला पाहून उठला, पाणी दिलं, "बस," म्हणाला. यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. "डोमाजी, पैसे आले होते. माही चूक झाली. मी पायलंच नाही."

"मले माहीत आहे. दीपमालानं तवाच मोबाइलात दाखवलं होतं."

"मंग तू काहून नाही दाखवलं मले?"

डोमाजी शांतपणे म्हणाला, "मी उभं राहून सांगतलं होतं, शेषराव. मी भरले म्हणून. आपण एका बाकावर लहानचे मोठे झालो. माहा शब्द पुरला नाही, त्याच्यावर मोबाइल दाखवू?"

मी पिशवीतून गोधडी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती बाजेवर पसरली आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हात फिरवला. मला बघवेना, मी निंबाकडे पाहत राहिले.

"ती दर रविवारी इचारे," डोमाजी म्हणाला. "दवाखान्यात पडल्या पडल्या. 'शेषरावभाऊनं वाचलं का? आपले पैसे भेटले म्हणून सांगतलं का मंडळीत?' पयल्यांदा मी नाही म्हटलं. रातभर झोपली नाही. दुसऱ्या रविवारी मंग सांगून देलं. म्हटलं, वाचलं. उभं राहून माफी मागतली त्यानं. सगळ्याईसमोर."

यांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ते ऐकून हसली. म्हणे, 'मले माहीतच होतं. भाऊ हिशेबाचा कडक आहे, मनाचा खोटा नाही.' मंग गोधडी मागू लागली. म्हटलं, आणली ना, वलगावले ठेवली आहे. बरी होऊन घरी चाल, मंग पांघर."

ज्याला आम्ही चारचौघांत खोटा पाडला, तो मरणाऱ्या बायकोपुढे आमचं नाव राखत बसला होता. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही यांना सुचत नव्हतं.

"या रविवारी वाचतो मी," हे कसेबसे म्हणाले. "जशी तू तिले सांगतली तशीच माफी मागतो. तू येशील ना?"

डोमाजीने गोधडीची घडी घालायला घेतली. एका टोकाशी अडखळला तेव्हा दुसरं टोक यांनी धरलं. दोघांनी मिळून घडी घातली.

"माहं पाहू मंग," तो म्हणाला. "पण मंडळीत नंतर वाच. आधी अकोल्याले जा. माह्याकडून ती खोटं ऐकून गेली. तुह्याकडून खरं ऐकू दे."

आम्ही गुरुवारी एसटीने अकोल्याला गेलो. दीपमाला फाटकापर्यंत आली, जागा दाखवली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. कबरीवर अजून दगड नव्हता. मातीचा उंचवटा, लाकडी क्रूस, त्यावर जावयाने रंगवलेलं नाव. ऊन असं की चपलेतून चटका लागत होता. मी छत्री धरली तर यांनी ती बाजूला सारली, खिशातून कागद काढला, चष्मा लावला.

चर्चमध्ये वाचतात तसंच यांनी वाचलं, उभं राहून, खणखणीत. "मंडळीस कळविण्यात येते की वलगावचे डोमाजी यांजकडून चतुराबाईंच्या गोधडीचे रुपये पाच हजार शंभर वेळेवर जमा झालेले आहेत. खजिनदाराने स्टेटमेंट न पाहता त्यांचे नाव बाकीत वाचले. ही चूक खजिनदाराची आहे. त्याबद्दल तो चतुराबाईंची..." इथे आवाज फाटला. "...चतुराबाई, तुमची माफी मागतो."

कागदाची घडी घातली. आणि मग, जन्माची सवय ती, चष्म्यावरून समोर पाहत हे म्हणाले, "कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं."

आणि थांबले. नेहमी थांबतात त्यापेक्षा किती तरी जास्त वेळ थांबले. मी छत्री मिटली आणि त्यांच्या शेजारी उन्हात उभी राहिले.