मावशी बसून बघते

तयार कपड्यांच्या दुकानात, जिथे बायका ड्रेस घालून बघतात त्या खोल्यांवर मावशीची नेमणूक होती. गिऱ्हाईक आरशासमोर गिरकी घेऊन स्वतःवर खूश झालं, की मावशी पडदा सरकवून एक लाकडी स्टूल पुढे करायची आणि म्हणायची, "आता बसून बघा." मग हात वर करायला लावायची, खाली पडलेली टाचणी उचलायला लावायची. लग्नाला निघालेलीला विचारायची, नाचणार आहात की नुसत्या खुर्चीत बसणार? दवाखान्यात कुणाला भेटायला जाणारीला सांगायची, सळसळ वाजणारं कापड नको, आजारी माणसाचा नुकता डोळा लागलेला असतो. जिच्या कडेवर पोर, तिच्या खांद्यावरच्या टिकल्या मावशीला मुळीच खपायच्या नाहीत. पोराच्या गालाला टोचतात.

मालकीणबाई आधी कुरकुरल्या. पसंत पडलेला ड्रेस परत खुंटीवर गेला की त्या गल्ल्याचा खण जोरात लोटायच्या. पण त्याच बायका पुढच्या खेपेला बहिणींना, जावांना घेऊन यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "बसून-बघा आहेत का आज?" मग मालकीणबाईंनी तोंडाला कुलूप लावलं.

अशा या मावशीचं लग्न ठरलं. साठी जवळ आलेली, आणि लग्न पहिलंच. नवरदेव म्हणजे दुकानात स्कूटरवरून माल आणणारे गठ्ठेवाले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी मागणी घातली तीसुद्धा गठ्ठा उतरवता उतरवता. मावशीने आधी माल तपासला, पावतीवर सही केली आणि मग हो म्हटलं.

लग्न साधं, कचेरीत सह्या करून. गठ्ठेवाल्यांनी हौस सांगितली ती एकच. कचेरीतून घरी जायला भाड्याची गाडी नको. मावशीने त्यांच्या मागे स्कूटरवर बसायचं आणि तळ्याच्या काठाने, लांबच्या रस्त्याने जायचं. मावशी लाजली, पण कबूल झाली.

घोडं अडलं ते ड्रेसवर. जगाला शहाणपण शिकवणारी ही बाई, स्वतःवर वेळ आली तशी कोरडी पाषाण झाली. तिने कॉफीच्या रंगाचा, नळासारखा सरळ, गळ्यापर्यंत बटणं असलेला ड्रेस उचलला, आरशात एकदा पाहिला आणि घरी आणला. त्यात ती एखाद्या कडक मुख्याध्यापिकेसारखी दिसत होती. तिला तेच हवं होतं. मुख्याध्यापिकेला तोंडावर कोण हसणार?

लग्नाला दोन दिवस उरले तेव्हा भाची आली. ही भाची शाळेत मुलांना खेळ शिकवते, आवाज शिट्टीसारखा. मावशीने ड्रेस घालून दाखवला. भाचीने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि स्वयंपाकघरातून स्टूल आणून ठेवलं.

"बसून बघ."

मावशी म्हणाली, सह्या उभ्यानेही होतात. भाचीने विचारलं, आणि स्कूटर? मावशी म्हणाली, बसेन कशीबशी, एका बाजूला पाय टाकून. भाचीने स्टूल पायाने बाजूला सारलं आणि सोफ्याच्या जाड हातावर थाप मारली. "ही घे स्कूटर. दोन्हीकडे पाय टाकून बस."

मावशीने पाय टाकला. टर्र असा आवाज झाला आणि शिवण गुडघ्यापासून वर उसवत गेली.

आधी मावशीलाच हसू फुटलं. भाचीने पोट धरलं, दोघी सोफ्यावर आडव्या झाल्या. हसता हसता मावशीच्या डोळ्यांत वेगळंच पाणी आलं, आणि तिने मनातलं सांगून टाकलं. मागे एकदा दोन बायका पडद्याआड ड्रेस बदलत बोलत होत्या, कुठल्याशा उतारवयातल्या नवरीबद्दल. गुलाबी घातलं होतं म्हणे तिने, या वयात शोभतं का, असं म्हणून दोघी खिदळत होत्या. ते खिदळणं मावशीच्या कानातून जात नव्हतं.

भाचीने डोळे पुसले. "त्या दोघींना लग्नाचं आमंत्रण आहे का?"

"नाही गं. कोण कुठल्या त्या."

"मग त्यांच्यासाठी कशाला ड्रेस घेतलास?"

मावशी उठली, अंगावरचा ड्रेस उतरवून पिशवीत कोंबला आणि दुकानातल्या दुरुस्तीच्या मास्तरांकडे गेली. मास्तरांनी उसवलेली शिवण पाहिली, मावशीकडे पाहिलं आणि जीभ दाताखाली धरली. म्हणाले, दोन्ही बाजूंना उकलून जादा कापडाच्या रुंद, तिकोनी कळ्या घालू, घेर येईल. कापड कुठलं घालू? मावशी म्हणाली, याच रंगाचं. मास्तर उरलेल्या तुकड्यांची पेटी उपसायला लागले. पेटीत एक लख्ख पिवळा तुकडा होता. मावशीने तो हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी तिने तो मास्तरांच्या यंत्रावर ठेवला आणि म्हणाली, "घाला हाच. गळ्याची बटणंही दोन कमी करा."

मास्तरांनी कळ्या अशा चुण्यांत बसवल्या, की मावशी उभी राहिली की ड्रेस कॉफीचा, आणि पाऊल टाकलं की पिवळा. या खेपेला मावशी आरशाकडे गेलीच नाही. आधी स्टुलावर बसली, मग वाकून टाचणी उचलली, मग मास्तरांच्या कापडाच्या ताग्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसली. मास्तर तोंड फिरवून हसले.

लग्नाच्या दिवशी कचेरीत सही करायला ती ऐसपैस बसली. तिची सही झोकदार आली, गठ्ठेवाल्यांची रेघेबाहेर गेली. बाहेर स्कूटर धुऊन पुसून उभी होती, मागच्या सीटवर नवी गादी. मावशीने झोकात पाय टाकला. पिवळ्या कळ्या दोन्ही अंगांनी उलगडल्या आणि गठ्ठेवाले वळून बघतच राहिले.

"आत हे एवढं दिसलं नव्हतं," ते म्हणाले.

"खुर्चीत एवढं दिसत नाही. रस्त्याकडे बघा."

भाचीने शिट्टी मारली आणि स्कूटर सुटली. तळ्याकाठी वारा होता, कळ्या फडफडत होत्या. वाटेत दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं आणि दोघी हसल्या. इतके दिवस मावशी ज्याला भीत होती ते हेच. तिने एक हात गठ्ठेवाल्यांच्या खांद्यावर घट्ट ठेवला, दुसरा वर करून त्या बायकांना हलवला. त्यांनीही पिशव्या सावरत हात हलवले. कोण का हसलं, हे मावशीने विचारात घेतलं नाही.

घराचं वळण आलं तसं तिने नवऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि सांगितलं, अजून एक फेरी मारा.