सात नंबरची खूण

सातपूरच्या त्या कारखान्यात निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता, पण सगळी खटपट चालायची ती समुद्रासाठी. मुंबईच्या बंदराबाहेर खोलीएवढ्या लोखंडी बोया तरंगत असतात, त्यांना जहाजं बांधतात. बोया जागच्या हलू नयेत म्हणून तळातल्या नांगरापासून त्यांच्यापर्यंत जाड साखळी असते. ती साखळी इथे घडायची. एकेक कडी चौदा किलोची. ती धरेल की नाही, हे ठरवायचं काम सावळीरामचं.

टेस्टिंग मशीन त्याच्या ताब्यात होतं. नव्वद फुटी साखळी दोन्ही टोकांना जबड्यात पकडायची, शंभर टनांचा ताण द्यायचा, दोन मिनिटं काटा हलू द्यायचा नाही. मग प्रत्येक कडी हातोडीने वाजवून पाहायची. सगळं ठीक निघालं की शेवटच्या कडीवर पोलादी पंचाने सातचा आकडा ठोकायचा. सात नंबर म्हणजे सावळीराम. चांदवडकडच्या बौद्धवाड्यातून आलेला माणूस तो. गावात बापाच्या नावाचा एक दगडसुद्धा नव्हता. मुलाचा आकडा मात्र समुद्राच्या तळाशी जाऊन बसला होता, आणि याचा सावळीरामला मनापासून अभिमान होता. नऊ वर्षांत सातची एकही साखळी तुटली नव्हती.

एकोणऐंशी सालची खंडेनवमी आली तेव्हा बंदराची एक ऑर्डर अडून बसली होती. शेवटची साखळी सकाळी तयार होऊन टेस्टिंगच्या जबड्यात चढली, आणि तेवढ्यात भटजी आले. शेठनी मशीनची पूजा केली. जबड्याला हळदकुंकू, काट्याला झेंडूचा हार, बटणापुढे नारळ. सावळीरामचा पंचसुद्धा पूजेच्या ताटात गेला. पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, ही कारखान्याची रीत. आणि ट्रक मात्र दसऱ्याला दुपारी निघणार, कारण मुहूर्त तेव्हाचा.

सावळीरामने सरळ विचारलं, मग साखळी ओढून कधी बघायची? शेठ म्हणाले, नऊ वर्षांत तुझी कुठली साखळी तुटली? नंबर ठोक आणि पाठवून दे. पाण्याखाली कोण बघायला जातंय.

सावळीरामला त्या बोलण्याची किळस आली. देवाला हार घालायचा आणि त्याच देवाच्या साक्षीने खोटा शिक्का मारायचा, ही कसली भक्ती. वादळात त्या बोयेला बांधलेल्या जहाजावर माणसं असणार, त्यांना शेठचा मुहूर्त काय उपयोगाचा?

दसऱ्याच्या सकाळी त्याची बायको यशोदाबाई पांढरं लुगडं नेसून, पोरांना घेऊन विहाराकडे निघाली. दीक्षेचा दिवस, सावळीराम तो कधी चुकवत नसे. या वेळी त्याने तिला पुढे जायला सांगितलं आणि स्वतः कारखाना गाठला. नारळ उचलून बाजूला ठेवला, हार काढून खुंटीला लावला आणि बटण दाबलं.

काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला. साठला मधली एक कडी फाडकन उघडली. सांध्यात वेल्डिंग भरलंच नव्हतं, आत नुसती काळी राख.

आवाजाने वॉचमन धावला, त्याने शेठना बोलावून आणलं. मागोमाग ट्रक भरायला आलेले चारपाच कामगारही जमले. त्यांत विंचूरचा खंडेराव होता, फिटर. नऊ वर्षं तो दुपारी सावळीरामच्या शेजारी बसून यशोदाबाईच्या हातचा ठेचा मिटक्या मारत खायचा.

"पूजा झालेल्या मशीनला हात लावायला तुला कुणी सांगितलं?" शेठ म्हणाले.

"कडी तुटली, शेठ. साठ टनाला."

"मी कडीचं विचारत नाही. मशीनचं विचारतोय. आजच्या दिवशी तू हात लावलास?"

बाकीच्या साऱ्या वर्षात त्या मशीनला सावळीरामशिवाय कुणाचा हात लागत नसे. तेलसुद्धा तोच घालायचा. शेठच्या त्या 'तू'चा अर्थ त्याला नीट कळला, आणि तिथे उभ्या सगळ्यांनाच कळला. शेठनी खंडेरावला शेजारच्या गोठ्यातून गोमूत्र आणायला पाठवलं. खंडेराव गेला, तांब्या भरून आला आणि जबड्यावर, काट्यावर, बटणावर शिंपडू लागला.

"मनाला लावून घेऊ नको, भाऊ," तो खालमानेने म्हणाला. "मालकच म्हंत्यात, मग शिपडावं लागतंय."

सावळीरामला शिसारी आली. शेठची येतच होती, आता खंडेरावच्या त्या ओल्या बोटांचीही आली. फुटकी कडी काढून तिथे दुसरी जोडली, आणि सावळीरामने पंच धरायला नकार दिला तेव्हा सातचा आकडा खंडेरावनेच ठोकला. साखळी न ओढताच ट्रकमध्ये चढली.

सावळीराम तिथून थेट तार ऑफिसात गेला. बंदराच्या साहेबाला तार केली: साखळी न तपासता येत आहे, तिच्यावरचा सात माझा नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. साखळी बंदराच्या फाटकावरून परत आली. पंधरा दिवसांनी बंदराचं पत्र आलं. थोरल्या पोराने वाचून दाखवलं. आपण वेळीच कळवलंत म्हणून आभार होते. पुढे लिहिलं होतं, सात नंबरच्या खुणेवर यापुढे भरवसा ठेवता येत नसल्याने ती खूण असलेल्या सर्व साखळ्या समुद्रातून काढून भंगारात देण्यात येत आहेत.

"सगळ्या?" यशोदाबाईने विचारलं.

"सगळ्या," सावळीराम म्हणाला. "माझ्यासुद्धा."

खरा सात कोणता आणि खोटा कोणता, हे त्यांनी तरी कसं ओळखावं? त्याला राग धरायला माणूससुद्धा उरला नव्हता. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दिवाळीत खंडेराव फराळाचं ताट घेऊन दारात आला. आत ये म्हणायची सावळीरामला इच्छा होईना, तरी यशोदाबाईने पाट दिला. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर खंडेरावने खिशातून नवा पंच काढला. आठ नंबरचा. शेठनी टेस्टिंग त्याच्याकडे दिलं होतं, आणि बंदराने आठ नंबर मान्यही केला होता.

"काटा किती येळ धरायचा, भाऊ? मला नीट म्हाईत नाय."

हाकलून द्यावं, ताट अंगणात भिरकावून द्यावं, असं सावळीरामला फार वाटलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे आतून काळी असलेली ती कडी आली.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "शंभर टनाला. आणि मग एकेक कडी वाजवायची. बद्द वाजली तर काढून टाकायची. म्हणून दाखव."

खंडेरावने म्हणून दाखवलं. सावळीरामने त्याच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं आणि मग फराळाचं ताट जसंच्या तसं त्याच्या हातात परत दिलं.