विषहरण बाबांचं लाल तीर्थ

धायरीत आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर रविवारी एवढी गर्दी, की मला वाटलं फुकट वडापाव वाटतायत. छे! विषहरण बाबा पोरांच्या दंडातून लसीचं विष काढत होते.

दंडावर हळदीचा लेप, तोंडाने पुटपुट, मग वरून तांब्यातलं तीर्थ. लेप लालभडक! बायका "अगं बाई!" करत मागे सरकायच्या.

"बघा, भिनलेलं जहर! सुई बंद, बाबा चालू!" टीव्हीवरच्या जाहिरातवाल्यांनी यांची शिकवणी लावावी.

शेजारच्या वेणूआजी मूळच्या यवतमाळच्या. त्यांनी दहा महिन्यांच्या नातीला, राजनंदिनीला, घट्ट कवटाळलं. सोमवारी आमच्या शाळेत गोवर-रुबेलाची लस होती, तिलाही तिथेच न्यायचं ठरलं होतं.

"माह्या नातीले सुई नाही लागू देत मी!"

पलीकडच्या गल्लीत दोन पोरं गोवराने फणफणलेली.

पण तो लाल रंग ओळखीचा होता. केदारदादाच्या लग्नाच्या हळदीत माझा पांढरा कुर्ता पिवळा झाला होता. मी साबण घासला, तर डाग अस्सेच लाल! "फुकटचं डिझाइन," आई म्हणाली होती.

वर्गात मी हात वर करत नाही, इथे केला.

"बाबा, आपण कधी लस घेतलीत?"

"कधीच नाही! हा देह शुद्ध आहे, बाळ."

"मग हात द्या ना जरा."

आशीर्वादाला पुढे आलेल्या हातावर मी त्यांचीच हळद फासली, त्यांचंच तीर्थ ओतलं. लालभडक!

"अय्या! चोरून घेतलीत होय?"

गर्दी खो खो हसली. बाबा ओरडले, "हे पाप उतरलं!"

"पाप की विष? आधी ठरवा तरी."

मी आजींकडे वळले. "हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं हो?"

"लाल होते ना बाप्पा..." आजी थबकल्या. त्यांनी तांब्यात बोट घातलं, तळाचा पांढरा गाळ चोळून पाहिला. "हा तं चुना! पानाले रोज लावते मी."

बस्स, एवढाच चमत्कार! हळदीला साबण लागो नाहीतर चुन्याचं पाणी, ती लाल होणारच. दंड असो, कुर्ता असो, नाहीतर बाबा.

बाबांनी गाशा गुंडाळला. आजी त्यांच्या पाठीवर ओरडल्या, "काहून पळता? माह्या नातीची उद्याची सुई चुकली असती ना!"

सोमवारी राजनंदिनीचा हात आजींनीच धरला. पोरगी दोन मिनिटं शाळा डोक्यावर घेऊन रडली, मग नर्सबाईंचं पेन ओढायला लागली.

म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, "यात काय घातलंय?" तोच प्रयोग त्याच्यावरही करून बघा. आणि पोरांना लस वेळेवर द्या. गोवर मंत्र ऐकून घरी जात नाही.