पळू नये

मी एक पत्र्याचा फलक बोलतोय. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत, कपडे पिळायच्या मशीनच्या वर, दोन स्क्रूंवर माझा मुक्काम आहे. माझा जन्म तेलाच्या जुन्या डब्यातून झाला. पण माझ्यावरचं वाक्य परदेशी पुस्तिकेतून आलं, त्यामुळे सुरुवातीला माझा भाव जरा चढा होता.

मशीन परदेशातून आलेलं, वापरलेलं. मालक कारकुनाला म्हणाले, "पुस्तिकेतलं महत्त्वाचं वाक्य मराठीत करून भिंतीवर लावा. उद्या तपासणीला माणूस येतोय." वाक्य एवढंच होतं, की झाकण उघडं असताना 'रन' करू नका. 'रन' म्हणजे पळणे, हे कारकुनाला शाळेपासून पाठ. डिक्शनरी कपाटात होती आणि कपाटाला कुलूप. रंगाऱ्याने सुबक लाल अक्षरांत लिहिलं: 'झाकण उघडे असताना पळू नये.'

तपासनीस आला, मला पाहून त्याने मान डोलावली, चहा घेतला आणि गेला.

माणसं भलतीच आज्ञाधारक. मशीनजवळ आली की त्यांची चाल मंदावायची. इस्त्रीवाला तर घाईत असला की आधी झाकण लावायचा, धावत पलीकडे जायचा आणि परत येऊन झाकण उघडायचा. मशीन मात्र उघड्या झाकणाने खुशाल गरगरत असायचं. त्याबद्दल माझं काही म्हणणंच नव्हतं.

मशीनवर मावशी असायच्या. बावीस वर्षं त्यांनी हाताने चादरी पिळल्या होत्या. एकदा त्यांनी कारकुनाला विचारलं, "भाऊ, इथे पळायला जागा कुठे आहे? मी तर दिवसभर एका जागी उभी."

"मोठ्या कंपनीने विचार करूनच लिहिलं असेल, मावशी."

"असेल बाई. आपल्याला काय कळतंय!"

एका सकाळी हॉटेलचा टेम्पो दारात हॉर्न वाजवत उभा होता. चादरीचं एक टोक बाहेर लोंबत होतं, ते मावशींनी फिरत्या मशीनमध्ये आत ढकललं. चादरीने हाताला वेढा घातला. मी समोरच होतो. मला ओरडता आलं असतं, तरी 'पळू नका' एवढंच ओरडलो असतो.

दोन बोटं गेली.

चौकशी झाली. "फलक तर लावलेला होता," मालक म्हणाले. "मावशी पळत होत्या का?"

"नाही, उभ्या होत्या," इस्त्रीवाला म्हणाला.

नियम पाळूनही बोटं जावीत, हे मालकांच्या डोक्यात बसेना. शेवटी त्यांनी कागदावर 'स्वतःचा निष्काळजीपणा' असं लिहून सही ठोकली आणि मावशींना घरी बसायला सांगितलं.

मावशींचा डबा न्यायला त्यांची सून आली. ती दवाखान्यात नर्स होती. तिने मला दोनदा वाचलं आणि कारकुनाकडे मूळ पुस्तिका मागितली. ते वाक्य सापडल्यावर ती शांतपणे म्हणाली, "साहेब, धुताना कपड्याचा रंग रन होतो. म्हणजे काय होतो?"

"जातो."

"नळ रन होतो?"

"वाहतो."

"ही लाँड्री मालक रन करतात."

"चालवतात," कारकून म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याने किल्ली आणून डिक्शनरी काढली. 'रन'चे अर्थ पानामागून पान चालले होते. त्याने ते सगळे उभ्याने वाचले.

"बोटं काही परत येणार नाहीत," सून म्हणाली. "पण आई घरी बसून म्हणतात, माझंच चुकलं. ते तेवढं त्यांच्या डोक्यातून काढा."

कारकून तडक मालकांच्या केबिनमध्ये गेला. केबिनची भिंत पातळ आहे, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. "चूक मावशींची नाही, साहेब. माझी आहे."

"हळू बोला! एका शब्दासाठी एवढं?"

"कागद बदला. नाहीतर मीच तपासनिसाला लिहितो."

टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. मग कागद बदलला. मावशींना भरपाई मिळाली, काम परत मिळालं. कारकुनाची बढती तेवढी राहिली ती राहिलीच.

मला नव्याने रंगवायचं ठरलं. कारकुनाने 'चालवू नये' लिहून दिलं. रंगाऱ्याने एक 'व' खाल्ला. 'झाकण उघडे असताना चालू नये.' दोन दिवस लोक मशीनपाशी येऊन खांबासारखे उभे राहत होते. मग मात्र मावशींचा संयम सुटला. "ठेव तो ब्रश! मी सांगते तसं लिही. आधी झाकण लावा. मग बटण दाबा."

ते माझ्या दुसऱ्या बाजूवर लिहिलं गेलं. माझं जुनं तोंड आता भिंतीकडे आहे. शहाण्यांनो, एवढीच विनंती: माझ्या जातभाईंवर काही लिहाल, तर त्याआधी मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाला एकदा विचारा.

भिंतीकडे तोंड असल्याने मला आता काही दिसत नाही. ऐकू मात्र येतं. आधी झाकणाचा खटका, मग मोटरचा आवाज.