कटनंतरचं ‘येते’

‘काय रे, बंद असतानाही तू ऐकतोस का?’

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून शूटिंगच्या पहिल्याच दिवशी एका मुलीनं मला सगळ्यांदेखत असं विचारलं. सगळे खो खो हसले. मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. लांब काठीच्या टोकाला लटकतो, केसाळ टोपी घालतो, म्हणून ध्वनिमुद्रक काका मला ‘बोक्या’ म्हणतात. भाषणं, जाहिराती, नाटकं, काय काय ऐकलं मी! पण मरायला टेकलेली भाषा मात्र पहिल्यांदाच ऐकत होतो.

सिनेमा त्या मुलीच्या आजोबांच्या भाषेत होता. ती बोलणारे दोघेच उरलेले: आजोबा आणि त्यांची बहीण, जी आता कुणाला ओळखतही नाही. ‘शाळेत हसतील’ म्हणून बाबा स्वतः ती शिकले नाहीत, मुलीलाही शिकू दिली नाही. नटमंडळी तर सगळी पाठ करूनच बोलत.

आजोबा जन्मभर शिंपीकाम केलेले. उच्चार तपासायला खुर्चीत बसत, पण इतके भिडस्त, की चालू कामात तोंड उघडणं त्यांच्या जिवावर येई. दिग्दर्शिका ‘कट!’ ओरडली आणि काकांनी माझं बटण बंद केलं, की मगच ते नायिकेला हळूच म्हणत, “पोरी, असं नाही गं. असं.”

त्यांच्या भाषेत निघताना म्हणायचे ‘येते’ दोन आहेत. एक परत येणारीचं, एक कायमची जाणारीचं. फरक शेवटी सोडलेल्या एका श्वासाचा. नायिका सिनेमाभर चुकीचं, कायमची जाणारीचं म्हणाली. “डबिंगला सुधारू हो,” दिग्दर्शिका म्हणायची.

आणि आजोबांना झटका आला. वाचाच गेली.

काकांनी सगळं रेकॉर्डिंग उपसलं. चुका ठणठणीत होत्या. बरोबर एकदाही नव्हतं. “बोक्या, तू तरी काहीतरी धरून ठेवायचंस रे!” म्हणत ते डोकं धरून बसले. मी ऐकलं होतं हो, सगळं! पण बंद माईकच्या हाती काही उरत नाही. मला ओरडावंसं वाटलं, आणि मला तर आवाजच नाही.

“मला आठवतंय,” मुलगी म्हणाली. रोज ती माझ्या काठीखालीच बसायची ना!

काका मला घेऊन तिच्यामागून आजोबांच्या घरी गेले. पलंगाशी वाकून तिनं ‘येते’ म्हटलं. आजोबांनी मान हलवली, नाही. पुन्हा. नाही. दहाव्यांदा त्यांचं शिंप्याचं बोट चादरीवर टकटकलं. हो! डोळे मात्र वाहत होते. एक शब्द झाला. अख्खा सिनेमा बाकी होता, आणि ते बोट रोज जड होत चाललं होतं.

मित्रांनो, घरातली म्हातारी माणसं मोठ्यांदा सांगत नाहीत. ‘कट’नंतर पुटपुटतात. ते तुम्ही ऐका आणि धरून ठेवा. मला नाही जमत.

मुलीचे आईबाबा तिला न्यायला आले. “दहावी आहे यंदा! डोकं ठिकाणावर आहे का?” आई कडाडली.

काकांनी गुपचूप माझं बटण दाबून मला चालू केलं.

“आई, बाबा, दहावी पुढच्या वर्षी. मी इथंच राहणार. या सिनेमात नायिका माझ्या आवाजात बोलेल, आणि ती परत येणारीचंच ‘येते’ म्हणेल.”