आतून कडी

"अहो, खाली या आधी!"

प्रमोदिनी अंगणात उभी होती. हातात चुन्याचा कुंचला, केसांत माती. मार्तंड गुरुजी माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती पसरून पायानं दाबत होते. दाबता दाबता तुळयांमधून मातीची धार खाली आली आणि आत भिंत रंगवणारी प्रमोदिनी कुंचल्यासकट बाहेर धावली.

"जराशी झडली गं. माळवद म्हटल्यावर झडणारच," गुरुजी वरून म्हणाले. न समजलेल्या पोराला पुन्हा समजावावं, तसं. "दरसाल पावसाळ्याआधी थर द्यावाच लागतो. आजोबा द्यायचे, वडील द्यायचे. म्हणून थेंब गळत नाही."

"आणि आजोबांचा थर काढला का कोणी कधी?"

गुरुजी पुन्हा माती दाबू लागले.

चाकूरजवळच्या शेतातला हा जुना आखाडा, म्हणजे शेतावरचं घर. दोन खोल्या, पुढे लिंब. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दोघं लातूरहून एसटीनं यायची, रविवारी संध्याकाळी परतायची. उन्हाळा सरला की गुरुजी निवृत्त होणार होते. लातूरच्या घराच्या वरच्या मजल्यावर कोचिंगची पोरं राहत. हदगावची, भोकरची. पहाटेपासून गल्लीत सायकलींची रीघ. "पोरं भेटली की मार्क सांगतात, नाव नंतर," गुरुजी म्हणायचे. त्यांना इथल्या वस्तीवरच्या पोरांना लिंबाखाली बसवून निवांत शिकवायचं होतं.

प्रमोदिनीनं चूल घातली, ओटा सारवला, भिंतींना चुना दिला. पण शनिवारची रात्र ती लिंबाखालच्या बाजेवर काढायची. दर रविवारी जेवण उरकलं की एसटीची वेळ विचारत आत-बाहेर करायची.

शेजारच्या शेतातली चतुराबाई पाटीभर भेंड्या घेऊन आली, तिनं अंगणातला प्रकार पाहिला आणि हसली.

"बाई, एवढं घर सजवून राहिल्या अन् झोपता लिंबाखाली! घर काय पाव्हण्यासाठी हाय का?"

"हवा लागते बाहेर."

"अन् पावसात?"

"बघू."

चतुराबाई गेल्यावर गुरुजी शिडीवरून उतरले. "तुळया सगळ्या तपासून घेतल्यात, प्रमोदिनी. सागवानी. दार नवं केलं, पितळी कडी बसवली. अजून काय करू, सांग."

त्या कडीला प्रमोदिनीनं एकदाही हात लावला नव्हता. लातूरच्या घरातही ती कडी लावू देत नसे. वरच्या पोरांनाही तेच सांगायची. "काकू, मोबाइल चोरीला जातो ना!" पोरं कुरकुरायची.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या दिवशी ती औशाच्या बाजूला धाकट्या बहिणीच्या, दीपमालाच्या गावी पोचली होती. आदल्या रात्री गणपती बोळवून दीपमालाच्या घरचे सगळे दमून झोपले होते. घर त्यांच्यावरच बसलं होतं. दार तेवढं चौकटीत उभं होतं. आतून कडी लावलेलं.

गुरुजींना हे ठाऊक होतं. दाराचं तेवढं ठाऊक होतं; मातीचं ती कधी बोलली नव्हती.

"तिथंही सागवानीच तुळया होत्या," प्रमोदिनी म्हणाली. "ढिगारा उपसला तेव्हा लाकूड थोडं निघालं. बाकी सगळी पांढरी मातीच."

गुरुजी आत गेले. बाजूला सारलेल्या पाटावर बसून वर बघत राहिले. अजून बारीक माती गळत होती, त्यांच्या चष्म्यावर, बाह्यांवर. इतके शनिवार ते पाण्याचं उत्तर देत होते. तिचा प्रश्न वजनाचा होता.

पुढच्या शनिवारी ते फावडं घेऊन माळवदावर चढले. चतुराबाई बांधावरून ओरडली, "गुरुजी, उलटंच करून राहिलात की! बापाचं माळवद उतरवता व्हय?"

"हाव. पत्रे टाकतो."

"उन्हाळ्यात भाजून निघताल!"

"निघू."

माती थराथरानं निघत गेली. एका थरात ज्वारीचा भुसा मिसळलेला होता, अजून पिवळा. मातीत भुसा कालवून पायानं मळायची सवय वडिलांची. गुरुजींनी ते ढेकूळ थोडा वेळ तळहातावर धरलं. मग खाली टाकलं.

रविवारी दुपारपर्यंत वर नुसत्या तुळया राहिल्या. दोन्ही खोल्यांत ऊन पडलं, चुन्याच्या भिंती डोळ्यांवर येऊ लागल्या. प्रमोदिनीनं लिंबाखालची बाज उचलली आणि आत, भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात नेऊन टाकली. एसटीची वेळ तिनं विचारली नाही.

गुरुजी विहिरीवरून घागर भरून आले, तर दार लोटलेलं. त्यांनी खांद्यानं ढकललं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं, तेव्हा आत नवी पितळी कडी किणकिणली.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. मग घागर हळूच ओट्यावर टेकवली आणि उपसलेल्या मातीच्या ढिगाशेजारी उन्हात बसून राहिले.