काशीच्या वाटेवरचा आठ नंबर

मित्रांनो, मी एक जुना पंपशू आहे, उजव्या पायाचा. डावा माझा भाऊ. आंबूरच्या कारखान्यात आमचा जन्म झाला. तळाला ‘आठ’ हा आकडा छापून आम्हाला तंजावूरच्या दुकानात पाठवले. साल १९९५. परदेशी नावांचे जोडे तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. त्यांचा आठ आमच्या आठापेक्षा चांगला ऐसपैस! गिऱ्हाइके त्यांनाच आधी हात लावत. मला भारी राग येई.

एक दिवस सेतुमाधवराव आले. त्यांच्या लेकीचे, श्रीविद्येचे लग्न ठरले होते. इथल्या मराठी घरांत लग्नाच्या सकाळी नवरदेव ‘संसार नको’ म्हणत लटकेच काशीला निघतो. त्याला छत्री, काठी आणि नवा जोडा मुलीचे वडील देतात आणि समजूत घालून परत आणतात. जावयाच्या पायाचे माप मागायला सेतुमाधवरावांना संकोच वाटला. त्यांनी एसटीडी बूथवरून मद्रासला जावयाला फोन करून फक्त नंबर विचारला, आणि ‘आठ’ ऐकून आम्हाला घेतले. वरपक्षाला बोट ठेवायला जागा मिळू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

लग्नाच्या सकाळी नवरदेवाने, अनिरुद्धरावांनी, माझ्यात पाय घातला, आणि मी समजून चुकलो. यांचा आठ त्या ऐसपैस घराण्यातला! टाच कशीबशी आत गेली.

“नीट बसले का रे?” त्यांच्या आत्या, कनकलताबाई, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. “का उगीच कसले तरी आणले?”

सेतुमाधवरावांचा चेहरा उतरला.

“छान बसलेत, आत्या,” अनिरुद्धराव म्हणाले. नादस्वरम वाजू लागले. अनिरुद्धराव गल्लीच्या टोकापर्यंत ताठ चालत गेले आणि तसेच परत आले. मी प्रत्येक पावलाला त्यांना चावत होतो. माझा इलाज नव्हता.

मांडवात जावयाचे पाय धुताना सेतुमाधवरावांना टाचेवरचे रक्त दिसले. त्यांचा हात थांबला.

“सांगायचं नाही का, जावईबोवा?” ते पुटपुटले.

“परवा इल्लै, काही हरकत नाही, मामा. मीच माझ्या परदेशी बुटांचा नंबर सांगून बसलो. आत्या बघतेय, पाणी घाला.”

सेतुमाधवरावांनी पाणी घातले. डोळ्यांतले पाणी मात्र त्यांना आवरले नाही.

त्यानंतर मला कोणीच घातले नाही. खोक्यात पडून कातडे सुकले, याचे वाईट वाटते. मित्रांनो, जोडा घेताना आकड्यावर विसंबू नका. ज्याच्यासाठी घ्यायचा, त्याचा पाय आधी समोर ठेवायला सांगा, संकोच करू नका. असा गप्प राहणारा पाय सगळ्यांच्याच नशिबी येत नाही.